खेळाडूच्या हृदयाची तपासणी : खान्देशातील वस्ताद, प्रशिक्षक आणि पालकांसाठी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली मैदाने पहाटेच्या अंधारातच भरू लागतात. १६०० मीटरची धाव ठरलेल्या वेळेत बसावी म्हणून मुले महिनोन्‌महिने पळतात, मुली ८०० मीटरसाठी घाम गाळतात. तालमींमध्ये यात्रांच्या फडांची तयारी चाललेली असते, आणि चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरी यांनी सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा जिंकल्यापासून आपल्याकडच्या कितीतरी घरांनी कुस्तीकडे पोराचे भवितव्य म्हणून पाहायला सुरुवात केली आहे. या मुलांची उंची मोजली जाते, छाती मोजली जाते, वजन केले जाते. हृदय मात्र बहुतेकांचे कोणी तपासलेले नसते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये करार होण्यापूर्वी जी तपासणी होते, तिचा मोठा भाग तालुक्याच्या गावीही करता येतो. ती कशी करावी, तिच्यावर किती विसंबावे आणि तपासणी करूनही कोणी कोसळलाच तर पहिल्या पाच मिनिटांत काय करावे, ते पुढे सांगितले आहे.

मैदानावर नेमके काय घडते

खेळताना कोणी कोसळून गेला की ‘हार्ट अटॅक आला’ असे म्हटले जाते. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद होते. पस्तिशीच्या पुढच्या खेळाडूंमध्ये बहुधा हेच कारण असते. पस्तिशीच्या आतल्या खेळाडूच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा हृदयाची विद्युत लय एकाएकी बिघडते, खालचे कप्पे नुसते थरथरत राहतात, रक्त पुढे ढकलले जात नाही आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. लय बिघडण्यामागे जन्मतः किंवा आनुवंशिकतेने आलेला दोष असू शकतो, आणि तो दोष वर्षानुवर्षे कसलाही त्रास न देता शरीरात राहू शकतो. शर्थीच्या श्रमात ॲड्रेनलिन वाढते, पाणी आणि क्षार कमी होतात, आणि तोवर गप्प असलेला दोष त्या वेळी उघडा पडतो.

यातला सर्वांत परिचित दोष म्हणजे हृदयाच्या स्नायूची आनुवंशिक जाडी, ज्याला डॉक्टर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतात. साधारण ५०० माणसांत एकाला तो असतो. कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फो २६ जून २००३ रोजी फ्रान्समधील लियाँ येथे कॉन्फेडरेशन्स कपच्या उपांत्य सामन्यात कोसळला आणि वाचू शकला नाही. शवविच्छेदनात हाच दोष आढळला. याखेरीज हृदयाच्या रक्तवाहिनीचा उगम चुकीच्या जागी असणे, उजव्या कप्प्याच्या स्नायूत चरबी आणि व्रण साठणे, लाँग क्यूटी आणि ब्रुगाडा यांसारखे निव्वळ विद्युत दोष, वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट या नावाने ओळखला जाणारा जादा विद्युतमार्ग, विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज, आणि मार्फान सिंड्रोम या शरीरातल्या जोडणाऱ्या ऊती कमकुवत करणाऱ्या आनुवंशिक आजारात महाधमनीचे फाटणे ही कारणे येतात. हृदय पूर्ण निरोगी असतानाही छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या फटक्याने लय बिघडू शकते. अमेरिकन फुटबॉलमधील डॅमार हॅमलिन २ जानेवारी २०२३ रोजी तसाच कोसळला, मैदानावरच्या तत्पर उपचारांनी वाचला आणि पुढे खेळायलाही परतला.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंमध्ये अशा मृत्यूंचे प्रमाण वर्षाला साधारण ५० ते ६० हजारांत एक एवढे आढळले आहे. प्रमाण कमी असल्यामुळे घाबरून मुलांना खेळातून काढण्याचे काही कारण नाही, आणि नियमित व्यायामाचा हृदयाला होणारा फायदा कितीतरी मोठा आहे. परंतु हे मृत्यू धडधाकट दिसणाऱ्या मुलांचे असतात आणि त्यांतल्या काहींच्या घरी किंवा शरीरात आधी इशारा मिळालेला असतो, म्हणून तो शोधण्याचे कष्ट घेतलेच पाहिजेत.

पहिली पायरी : घराण्याची चौकशी

तपासणी म्हटले की लोक यंत्राकडे धावतात. माझे स्पष्ट मत असे आहे की अर्धी तपासणी घरच्या ओट्यावर बसून होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने तरुण खेळाडूंसाठी १४ मुद्द्यांची यादी केली आहे. तिच्यातले बहुतेक मुद्दे हे यंत्राचे नसून प्रश्नांचे आहेत. आपल्याकडे ते प्रश्न कसे विचारावेत याला फार महत्त्व आहे.

‘घरात कोणाला हृदयविकार आहे का’ असे विचारले तर उत्तर हमखास ‘नाही’ येते, कारण ज्याचे निदानच झाले नाही तो आजार घरच्यांना ठाऊक कसा असणार? त्याऐवजी आई-वडील, आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी आणि त्यांची मुले यांच्यापैकी पन्नाशीच्या आत कोण कोण गेले आणि प्रत्येक जण कसा गेला, हे एकेका माणसाचे नाव घेऊन विचारावे. झोपेत गेलेला तरुण काका, शेतात काम करताना खाली बसला तो उठलाच नाही असा मामा, कारण न कळता दगावलेले तान्हे मूल, मोकळ्या रस्त्यावर एकट्याच्या मोटारसायकलचा अपघात, या सगळ्यांची नोंद करावी. आपल्या भागात आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा : चांगला पोहणारा कोणी विहिरीत, पाटात किंवा तापीच्या पात्रात बुडाला आहे का? लाँग क्यूटीच्या एका प्रकारात पोहताना लय बिघडते, आणि अशा मृत्यूची नोंद साहजिकच ‘बुडून मृत्यू’ अशी होते. ‘त्याला फिट यायच्या’ असे ज्याच्याविषयी सांगितले जाते त्याचीही खोलात चौकशी करावी, कारण हृदयाची लय बिघडून मेंदूचा रक्तपुरवठा थांबला तरी हातपाय झटकले जातात आणि ते बघणाऱ्याला फेफऱ्यासारखे दिसते. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक झालेल्या कुटुंबात जन्मतः ऐकू न येणारे मूल असेल आणि त्याला धावताना किंवा घाबरल्यावर शुद्ध हरपण्याचा त्रास असेल, तर लाँग क्यूटीचा एक दुर्मीळ पण गंभीर प्रकार मनात आणून त्या मुलाचा आणि त्याच्या भावंडांचा ईसीजी (हृदयाच्या विद्युत लयीचा आलेख) काढून घ्यावा.

ही माहिती वडिलांपेक्षा आजी आणि आई अधिक नेमकी देतात, असा बहुतेकांचा अनुभव असतो. म्हणून पालकसभेत छापील अर्ज वाटून मोकळे होऊ नये. ज्या घरात अहिराणी, पावरी किंवा भिली बोलली जाते तिथे त्याच बोलीत प्रश्न विचारणारा माणूस न्यावा.

मग खेळाडूला स्वतःला विचारावे. धावताना किंवा कुस्ती चालू असताना छातीत दुखले का, दडपण आले का. बरोबरच्या मुलांपेक्षा दम फार लवकर लागतो का, विशेषतः आधी लागत नव्हता आणि आता लागतो असे झाले आहे का. छातीत एकाएकी धडधड सुरू होऊन एकाएकी थांबते का. कधी शुद्ध हरपली का. शुद्ध हरपण्याच्या बाबतीत एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. शर्यत संपल्यावर जागीच उभे राहिल्याने घेरी येणे, रक्त पाहून किंवा उपाशीपोटी कवायतीत उभे राहून चक्कर येणे हे बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. धाव चालू असतानाच, पावले पडत असतानाच कोसळणे हे मात्र दुसरे काही सिद्ध होईपर्यंत हृदयाचेच लक्षण मानावे. मोठ्या आवाजाने दचकून शुद्ध हरपणे हेही त्याच पंक्तीतले. असे एकदा जरी घडले असेल, तरी त्या खेळाडूचा सराव त्याच दिवशी थांबवून त्याला हृदयरोगतज्ज्ञाकडे न्यावे.

हे प्रश्न वस्तादांनी सगळ्यांसमोर विचारू नयेत. घरची दोन एकर कोरडवाहू विकून अकॅडमीची फी भरलेला मुलगा, छातीत दुखते असे चारचौघांत कधीच कबूल करणार नाही. भरती हातची जाईल या भीतीने तो गप्प राहील. एकट्याला बाजूला घेऊन, ‘तू सांगितलेस म्हणून तुला काढून टाकणार नाही’ असा शब्द देऊन विचारावे आणि तो शब्द पाळावा. मुलींना शक्यतो शिक्षिकेने किंवा परिचारिकेने विचारावे.

दुसरी पायरी : डॉक्टरांची तपासणी

वयाच्या १२ ते १४ व्या वर्षी, म्हणजे स्पर्धात्मक सराव सुरू होताना, पहिली तपासणी व्हावी आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी ती पुन्हा करावी. काही आनुवंशिक दोष वयात येताना किंवा त्यानंतर प्रकट होतात, त्यामुळे सातवीत झालेली तपासणी बारावीनंतरच्या भरतीसाठी पुरत नाही. शाळकरी वयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा खेळणाऱ्या मुलांची नावे क्रीडाशिक्षकांनी पथकाला वेगळी दाखवावीत.

फिटनेस सर्टिफिकेटवर न तपासता सही मिळते ही गोष्ट आपण सगळेच जाणतो, आणि ती थांबली पाहिजे. डॉक्टरांना पुढील गोष्टी करण्याची स्पष्ट विनंती करावी : दोन्ही हातांचा रक्तदाब, जांघेतली नाडी, बसवून आणि उभे करून हृदयाचे ठोके ऐकणे. उभे राहिल्यावर किंवा श्वास रोखून जोर केल्यावर वाढणारी मर्मर, म्हणजे ठोक्यांमध्ये ऐकू येणारा जादा आवाज, ही स्नायूच्या जाडीची खूण असू शकते. फार उंच, सडपातळ, लांब बोटांचा, दोन्ही हात पसरल्यावर उंचीपेक्षा बराच जास्त भरणारा आणि जाड भिंगाचा चष्मा लावणारा मुलगा असेल, तर मार्फानची शंका घ्यावी. कबड्डी, व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलमध्ये अशी मुले हौसेने निवडली जातात, म्हणून तिथे ही काळजी अधिक घ्यावी.

परदेशी पुस्तकांत ज्याला फार जागा मिळत नाही असा एक आजार आपल्याकडे विचारात घ्यावा लागतो, तो म्हणजे संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा. लहानपणी घसा दुखून पुढे गुडघे, घोटे एकामागून एक सुजले होते का, आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायला सांगून ते मध्येच सुटले का, हे विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्याशिवाय सराव सुरू करू नये.

तिसरी पायरी : ईसीजी, आणि तो वाचणारा डोळा

बारा लीडचा ईसीजी उपजिल्हा रुग्णालयात, बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत आणि तालुक्याच्या खासगी दवाखान्यांत निघतो. खर्च काही शे रुपयांपलीकडे जात नाही. अडचण असते ती वाचण्याची. रोज कसून मेहनत करणाऱ्याचे हृदय विश्रांतीत मिनिटाला ४०-५० ठोक्यांवर येते, आलेखातल्या लाटा उंच होतात, काही भाग वर उचललेला दिसतो, आणि यंत्राच्या छापील शेऱ्यात ‘अॅबनॉर्मल’ असे येते. त्या शेऱ्याने घाबरून चांगल्या पैलवानाला घरी बसवले जाते. उलट, लाँग क्यूटीसारखी खरी धोक्याची खूण यंत्राच्या शेऱ्यातून निसटू शकते. खेळाडूंच्या ईसीजीसाठी २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध झाले आहेत; त्यांच्या आधाराने वाचणाऱ्या डॉक्टरांकडे आलेख गेला पाहिजे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शंका असलेला आलेख तिथल्या मेडिसिन विभागात दाखवता येतो.

ईसीजी काढण्याच्या आदल्या दिवशी कडक मेहनत करू नये. पोचल्यावर दहा मिनिटे पडून राहावे आणि कागदावर वय, खेळ आणि आठवड्याला किती तास सराव होतो हे लिहून घ्यावे, कारण तज्ज्ञाला याच माहितीवरून आलेखातला बदल सरावाचा की आजाराचा हे ठरवायचे असते. मुलींच्या बाबतीत संकोचामुळे छातीवरचे इलेक्ट्रोड भलत्याच जागी लावले जातात आणि आलेख चुकतो, म्हणून स्त्री तंत्रज्ञ असेल अशी वेळ ठरवावी. ईसीजीचा कागद काही महिन्यांत पुसट होतो. त्याच दिवशी त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा. पुढच्या वर्षीच्या आलेखाशी तुलना करायला तो अमूल्य ठरतो.

ज्यांचा अर्थ सरावाने झालेला बदल असा लावू नये, अशा खुणांमध्ये बाजूच्या लीडमधल्या उलट्या टी लाटा, खाली दबलेला एसटी भाग, खोल क्यू लाटा, डेल्टा लाट, आणि ठोक्यांच्या गतीनुसार दुरुस्त केलेले क्यूटी अंतर पुरुषांत ४७० व स्त्रियांत ४८० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त असणे या प्रमुख आहेत. यांपैकी काहीही दिसले तर पुढची पायरी टूडी इको. त्या अहवालावर नुसते ‘नॉर्मल’ लिहून आणू नये. डाव्या कप्प्याच्या भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये, झडपांची स्थिती, महाधमनीच्या मुळाची रुंदी आणि हृदयाच्या दोन्ही रक्तवाहिन्यांचे उगम दिसले की नाही, हे लिहून मागावे. भिंतीची जाडी साधारणतः १२ मिलिमीटरपर्यंत असते. १३ ते १५ च्या दरम्यान आली तर सरावाने वाढलेले हृदय की आजार हे ठरवणे कठीण असते. अशा वेळी हृदयाचा एमआरआय, किंवा काही महिने सराव थांबवून पुन्हा इको, असा मार्ग तज्ज्ञ सुचवतात. श्रम करतानाच शुद्ध हरपली असेल आणि विश्रांतीतला ईसीजी व इको दोन्ही स्वच्छ असतील, तरीही थांबू नये; ट्रेडमिलवर पळवून पाहिल्याशिवाय काही विद्युत दोष दिसतच नाहीत.

तपासणीवर किती विसंबावे

इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. तिथल्या व्हेनेटो प्रांतात खेळाडूंच्या आकस्मिक हृदयमृत्यूंचे प्रमाण दरवर्षी लाखामागे ३.६ होते, ते २००४ पर्यंत ०.४ वर आले. इस्रायलने १९९७ मध्ये तसाच कायदा केला, पण तिथल्या अभ्यासात कायद्याच्या आधीच्या आणि नंतरच्या काळात विशेष फरक दिसला नाही. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९९६ ते २०१६ या काळात ११,१६८ किशोर खेळाडूंची प्रश्नावली, शारीरिक तपासणी, ईसीजी आणि इको अशी संपूर्ण तपासणी केली. त्यांतील ४२ जणांमध्ये जिवावर बेतू शकेल असा दोष सापडला. पुढे हृदयविकाराने अचानक गेलेले खेळाडू ८ होते, आणि त्यांतील ६ जणांची तपासणी स्वच्छ आलेली होती. तपासणी आणि मृत्यू यांमध्ये सरासरी ६.८ वर्षे गेली होती.

या आकड्यांवरून काही जण तपासणी निरुपयोगी असा निष्कर्ष काढतात, तो मला पटत नाही. ४२ मुले वेळेवर सापडली, त्यांतल्या अनेकांवर उपचार झाले आणि ती खेळात परतली, हेही त्याच आकड्यांत आहे. मात्र स्वच्छ अहवाल हा कायमचा परवाना नाही. अहवाल चांगला असलेला मुलगा उद्या धावताना कोसळला किंवा त्याच्या छातीत दुखले, तर खरे मानायचे ते आजचे लक्षण. कपाटातला अहवाल पुढे करून त्याला पुन्हा पळायला लावू नये.

दोष सापडला तर

वस्ताद आणि पालक यांची खरी परीक्षा इथे असते. पहिली गोष्ट म्हणजे निदान गावात पसरू देऊ नये. मुलीच्या बाबतीत तर सोयरिकीच्या भीतीने घरचे पुढची तपासणीच टाळतात. दुसरी गोष्ट म्हणजे, दोष सापडला म्हणून खेळ संपला असे लगेच धरू नये. जादा विद्युतमार्ग कॅथेटरद्वारे जाळून बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. रक्तवाहिनीच्या चुकीच्या उगमावर शस्त्रक्रिया आहे. लाँग क्यूटीवर औषधे आहेत. डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला फिनलंडविरुद्ध खेळताना कोसळला. मैदानावरच छाती दाबून आणि विजेचा धक्का देऊन त्याला परत आणले गेले. त्याच्या शरीरात, लय बिघडल्यास आतूनच विजेचा धक्का देणारे आयसीडी हे यंत्र बसवल्यावर इटलीतल्या लीगचे नियम त्याला खेळू देईनात, परंतु २०२२ मध्ये तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडून पुन्हा मैदानात उतरला. एकाच आजारावर दोन देशांचे दोन निर्णय झाले, यावरून हा निर्णय किती नाजूक असतो ते दिसते. तो खेळाडू, घरचे आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावा, प्रशिक्षकाने एकट्याने कधीही घेऊ नये. शस्त्रक्रियेचा खर्च समोर आला तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, याची चौकशी योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करावी. आणि दोष आनुवंशिक असेल तर सख्ख्या भावंडांची व आई-वडिलांची तपासणी त्याच महिन्यात करून घ्यावी.

आपल्या भागातल्या काही विशेष गोष्टी

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत सूर्य वर यायच्या आत सराव संपवावा, आणि सावलीत पाणी, बर्फ व ओले पंचे तयार ठेवावेत. २०२४ मध्ये झारखंडमधील उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटरच्या धावेदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले, ही घटना प्रत्येक भरती अकॅडमीने लक्षात ठेवावी. उष्माघात झालेला मुलगा बरळतो, दिशा चुकतो, अंग तापलेले असते पण श्वास आणि नाडी चालू असते. त्याला दवाखान्यात हलवण्याआधी तिथल्या तिथे थंड पाण्याने भिजवून गार करायला सुरुवात करावी.

नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत आदिवासी समाजात सिकलसेल या लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. प्रत्यक्ष आजार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कडक सराव करू नये. केवळ वाहक असलेल्यांना खेळण्याची बंदी नाही, पण उन्हात, पाणी कमी पडल्यावर, विश्रांती न देता लागोपाठ वेगात पळवल्यास त्यांचे स्नायू मोडून जीव धोक्यात येऊ शकतो. अमेरिकेच्या सैन्यात आणि महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये असे मृत्यू नोंदले गेले आहेत. रक्ताची साधी तपासणी सरकारी केंद्रात होते, ती करून घ्यावी. अशा मुलाने मांड्या-पाठ आवळून आल्याची तक्रार केली तर ते आळशीपणाचे निमित्त समजू नये, त्याला ताबडतोब बसवावे.

अंगात ताप असताना सराव करू नये. विषाणूजन्य तापात हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते, आणि ती निदान झाली तर तीन ते सहा महिने स्पर्धात्मक खेळ बंद ठेवावा लागतो. ‘घाम आला की ताप उतरतो’ हा समज तालमीतून हद्दपार झाला पाहिजे. तसेच वजनगटात बसण्यासाठी लघवीच्या गोळ्या घेणे, दम वाढवण्यासाठी उत्तेजक पावडर किंवा दम्याची औषधे घेणे, अंग भरण्यासाठी स्टेरॉइड टोचून घेणे यांतील प्रत्येक गोष्ट लय बिघडवू शकते. या गोळ्या आणून देणारा माणूस बहुधा तालमीच्या आसपासचाच असतो, त्याला आत पाऊल ठेवू देऊ नये.

पस्तिशी ओलांडलेले प्रशिक्षक, सायकलस्वार आणि मॅरेथॉनला उतरणारे हौशी धावपटू यांनी साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासून, तंबाखू-गुटखा सोडून आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ट्रेडमिल चाचणी करूनच वेग वाढवावा. भारतीयांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दशकभर आधी दिसतो.

कोणी कोसळलाच तर

खेळाडू कोणाचा धक्का न लागता कोसळला आणि हाक मारून, खांदे हलवूनही प्रतिसाद देत नसेल, तर हृदय बंद पडले असे समजूनच हालचाल करावी. मिनिटाला एखाददुसरी घरघर किंवा आचका म्हणजे श्वास नव्हे. हातपाय झटकले तरी फिट समजून कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नये, तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये, आणि खुर्चीत बसवून गाडीत टाकण्याची घाई तर मुळीच करू नये. प्रत्येक मिनिट विजेच्या धक्क्याविना गेले की वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते; तालुक्याच्या रुग्णालयापर्यंतची वीस मिनिटे हा मुलगा छाती दाबल्याशिवाय काढू शकत नाही.

एकाने १०८ ला फोन लावून मैदानाचे नाव आणि जवळची खूण सांगावी. दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, कोपर ताठ ठेवून, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबायला सुरुवात करावी आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. तोंडाने श्वास देण्याचे शिक्षण नसेल तर नुसती छाती दाबत राहावी. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलावा, कारण थकलेल्या हातांची खोली कमी होत जाते. हौद्याची भुसभुशीत माती किंवा मॅटखालचा जाड फोम यांवर दाब वाया जातो, म्हणून पैलवानाला क्षणात कडक जागेवर ओढून घ्यावे.

एईडी हे विजेचा धक्का देणारे यंत्र मराठी शाळेतला नववीचा मुलगाही वापरू शकेल इतके सोपे असते; चालू केले की ते स्वतः सूचना देते आणि गरज नसेल तर धक्का देत नाही. आखाड्याच्या मातीत तेल, ताक आणि हळद असते, आणि पैलवानाच्या अंगावर घामासह ती चिकटलेली असते; पट्ट्या चिकटाव्यात म्हणून छाती आधी कोरड्या पंच्याने खसखसून पुसावी. फॅब्रिस म्वाम्बा हा इंग्लंडमधला फुटबॉलपटू १७ मार्च २०१२ रोजी कोसळला तेव्हा त्याचे हृदय ७८ मिनिटे स्वतःहून चालले नाही, तरीही तो वाचला, कारण तेवढा सगळा वेळ कोणी ना कोणी त्याची छाती दाबत होते. आपल्या देशात डेंपो संघाचा क्रिस्टियानो ज्युनियर ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला आणि गेला. तेव्हा मैदानावरच्या वैद्यकीय तयारीची खूप चर्चा झाली, पण तालुका पातळीवर ती तयारी आजही क्वचितच दिसते.

एईडी साधारण लाखभर रुपयांना मिळते. यात्रेच्या पंच कमिटीने शेवटच्या इनामी कुस्तीच्या रकमेतून, किंवा शहरातल्या चार-पाच अकॅडम्यांनी वर्गणी काढून ते घेतले तर एका हंगामात परवडते. धडगाव-अक्कलकुव्याच्या दऱ्यांमध्ये रुग्णवाहिका पोचायला वेळ लागतो, तिथल्या आश्रमशाळांच्या मैदानांना याची गरज शहरांपेक्षा अधिक आहे. यंत्र मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात ठेवू नये. मैदानाच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशा जागी टांगावे, त्याची बॅटरी आणि पट्ट्यांची मुदत दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एका ठरलेल्या माणसाने पाहावी. प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यावर सगळ्या मुलांसमोर तालीम घ्यावी : कोण फोन करणार, कोण छाती दाबणार, कोण यंत्र आणणार, रुग्णवाहिकेसाठी कोणते फाटक उघडायचे, आणि पहाटे पाच वाजता त्या फाटकाची किल्ली कोणाच्या खिशात असते.